गेममधली गाडी आडवी का धावते? ड्रिफ्ट ट्यूनिंग समजून घेऊ या

आठवी-नववीतल्या मुलांच्या गप्पा हल्ली कान देऊन ऐकल्या तर काही शब्द वारंवार कानावर येतात. कॅम्बर, डिफ, फायनल ड्राइव्ह, ट्यून. घरात अम्मी-अब्बूंना वाटतं की पोरगं नुसतं गाड्या पळवतंय. पण नीट पाहिलं तर बराच वेळ गाडी पळतच नसते. पडद्यावर आकड्यांची यादी उघडलेली असते आणि मुलगा एक आकडा अर्ध्याने कमी करावा की एकाने वाढवावा, याचा विचार करत बसलेला असतो.

तो नेमकं काय करतोय, हे घरातल्या मोठ्यांना कळलं पाहिजे. याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे त्या आकड्यांत खरं विज्ञान आहे आणि ते अभ्यासाला उपयोगी पडू शकतं. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. हाच शौक खऱ्या रस्त्यावर आला तर जीव जातो आणि घरच्यांवर गुन्हा दाखल होतो. ज्याला विषय समजतो, त्याचंच म्हणणं मुलगा ऐकतो. "बंद कर ते" एवढंच सांगणाऱ्याचं तो ऐकत नाही. म्हणून आज हा विषय मुळापासून पाहू.

ड्रिफ्ट म्हणजे काय, आला कुठून

साधी गाडी वळणावर चाकं जिकडे वळवाल तिकडे जाते. ड्रिफ्टमध्ये मागची चाकं मुद्दाम घसरवतात. गाडीचं नाक वळणाच्या आतल्या बाजूला, शेपूट बाहेर, आणि पुढची चाकं वळणाच्या उलट दिशेला वळवलेली. गाडी आडवी सरकत वळण पार करते. बघणाऱ्याला वाटतं गाडी हातातून सुटली. चालवणाऱ्याच्या मात्र ती पूर्ण ताब्यात असते. ती खरोखर सुटली, तर त्याला ड्रिफ्ट म्हणत नाहीत, अपघात म्हणतात.

हा प्रकार जपानचा. १९७० च्या दशकात तिथले रेसर कुनिमित्सु ताकाहाशी वळणात गाडी अशी घसरवत नेत असत. त्यांचं पाहून केइची त्सुचिया यांनी ही कला डोंगरातल्या नागमोडी घाटरस्त्यांवर घासूनपुसून पक्की केली. १९८७ साली त्यांच्या ड्रायव्हिंगची एक व्हिडिओ फिल्म निघाली आणि जपानच्या तरुणांत ड्रिफ्टचं वेड पसरलं. १९९५ पासून शुइची शिगेनो यांची 'इनिशियल डी' ही चित्रकथा-मालिका येऊ लागली. त्यातली टोयोटाची छोटी एई८६ गाडी जगभर ओळखली जाऊ लागली. पुढे २००० साली 'डी१ ग्रां प्री' ही ड्रिफ्टची व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली, आणि २००४ पासून अमेरिकेत 'फॉर्म्युला ड्रिफ्ट'. या स्पर्धांत पहिला कोण आला यापेक्षा गाडीचा कोन किती होता, ठरलेल्या मार्गावर ती राहिली का आणि सफाई किती होती, यावर गुण मिळतात.

महत्त्वाची गोष्ट अशी की या स्पर्धा बंद ट्रॅकवर होतात. चालकाच्या अंगावर आगीपासून वाचवणारा पोशाख, डोक्यावर हेल्मेट, गाडीत लोखंडी पिंजरा असतो. हे लक्षात ठेवा. शेवटी परत त्यावर येऊ.

कोणता गेम?

ट्यूनिंग समजायला 'फोर्झा होरायझन ५' हा गेम उदाहरण म्हणून घेऊ. इंग्लंडच्या प्लेग्राउंड गेम्स कंपनीने तो बनवला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो एक्सबॉक्स आणि कॉम्प्युटरवर आला, २०२५ मध्ये प्लेस्टेशन ५ वरही आला. गेममधला मुलूख मेक्सिकोचा आहे. त्यात मारामारी-गोळीबार नाही. नकाशावर जागोजागी 'ड्रिफ्ट झोन' आहेत. तिथे जितका जास्त वेळ आणि जितक्या मोठ्या कोनात गाडी सलग घसरवाल तितके गुण, आणि गुणांप्रमाणे एक ते तीन तारे.

ज्यांच्या घरी कन्सोल किंवा मोठा कॉम्प्युटर नाही, ती मुलं मोबाईलवर 'कारएक्स ड्रिफ्ट रेसिंग २' सारखे गेम खेळतात. त्यातही हवा, चाकांचे कोन, स्प्रिंग, गिअर यांची जुळवणी असते. गेम बदलला की आकडे बदलतात, त्यामागचं शास्त्र तेच राहतं.

सगळा खेळ पकडीचा

टायर रस्त्याला किती धरून ठेवतो, त्याला पकड म्हणू. प्रत्येक टायरकडे पकड ठरावीक असते. घरात महिन्याचे पैसे ठरावीक असतात तसंच. तीच पकड दोन कामांना वाटून द्यायची असते. एक काम गाडी पुढे ढकलणं किंवा थांबवणं. दुसरं काम गाडीला वळणात धरून ठेवणं.

समजा टायरची पकड १०० आहे. त्यातली ८० पुढे ढकलण्यात खर्च झाली, तर वळणासाठी किती उरली? मुलं पटकन २० म्हणतात. खरं उत्तर ६० च्या आसपास येतं. कारण ही दोन बलं एकमेकांना काटकोनात आहेत, म्हणून इथे साधी वजाबाकी चालत नाही, पायथागोरसचा सिद्धांत लागतो. १०० चा वर्ग १०,०००. त्यातून ८० चा वर्ग ६,४०० वजा केला, उरले ३,६००. त्याचं वर्गमूळ ६०. दहावीच्या भूमितीतला त्रिकोण इथे टायरखाली सापडतो.

आता पूर्ण १०० पकड इंजिनाने ओढण्यातच खाल्ली, तर वळणासाठी शून्य उरतं. मागची चाकं जागीच गरगरतात आणि शेपूट बाहेर सरकतं. ड्रिफ्टची सुरुवात हीच. एकदा घसरू लागलेल्या टायरची पकड आणखी थोडी कमी होते, म्हणून घसरण टिकवणं शक्य होतं. चालक पायाने ॲक्सिलरेटर कमीजास्त करतो आणि हाताने स्टीअरिंग उलट धरतो. एवढ्यावरच तो गाडीला त्या कोनात तोलून ठेवतो.

म्हणजे ड्रिफ्टसाठी गाडी ट्यून करणं म्हणजे काय? पुढच्या चाकांची पकड भरवशाची ठेवायची, आणि मागच्या चाकांची पकड आपल्याला हवी तेव्हा सुटेल पण अचानक दगा देणार नाही, अशी जुळवायची. खाली येणारा प्रत्येक आकडा या एका वाक्यासाठी आहे.

आधी गाडी, मग आकडे

ज्या गाडीत इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, ती गाडी शिकायला बरी. निसान सिल्व्हिया, माझदा आरएक्स-७, टोयोटा एई८६ या गेममधल्या नेहमीच्या गाड्या. नवशिका मुलगा हजार हॉर्सपॉवरची गाडी घेतो आणि भोवऱ्यासारखा फिरत बसतो. त्यापेक्षा मध्यम ताकदीची गाडी घ्यावी.

गेममध्ये जुळवणीचे सगळे पर्याय सुरुवातीला उघडे नसतात. सुटे भाग बसवले की ते उघडतात. ड्रिफ्टचं सस्पेन्शन बसवलं की चाकं नेहमीपेक्षा जास्त कोनात वळतात. हा भाग सगळ्यात आधी घ्यावा. त्याशिवाय रेसचा गिअरबॉक्स आणि रेस किंवा ड्रिफ्टचा डिफरन्शियल लागतो.

आणखी एक. गेमच्या सेटिंगमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्टॅबिलिटी कंट्रोल नावाच्या दोन मदती असतात. गाडी घसरू नये हेच त्यांचं काम. त्या चालू ठेवून ड्रिफ्ट करायला जाणं म्हणजे हँडब्रेक ओढून गाडी ढकलणं. त्या बंद कराव्या लागतात. गिअर हाताने बदलायचा पर्याय निवडावा, कारण ड्रिफ्टच्या मध्येच गेमने आपोआप गिअर बदलला की ताल तुटतो.

डिफरन्शियल: इथून सुरुवात करा

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. किती जास्त? दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल आणि गाडी काटकोनात वळली, तर फरक सुमारे २.३६ मीटर येतो. गंमत अशी की वळण लहान असो वा मोठं, फरक तेवढाच राहतो, कारण तो फक्त दोन चाकांमधल्या अंतरावर ठरतो. मुलांना कागदावर दोन वर्तुळं काढून हे करायला सांगा. परीघाचं सूत्र वापरलं की उत्तर निघतं.

दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं यंत्र म्हणजे डिफरन्शियल. रोजच्या गाडीला ते हवंच. पण त्याचा एक दोष आहे. एक चाक घसरलं की ते मोकळं गरगरतं आणि दुसऱ्याला जोर मिळत नाही. शेतात ट्रॅक्टरचं एक चाक चिखलात फिरू लागलं की चालक डिफ-लॉक दाबतो. मग दोन्ही चाकं एकसारखी फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. ड्रिफ्टलाही नेमकं हेच हवं असतं. दोन्ही मागची चाकं एकदम सुटली पाहिजेत.

गेममध्ये इथे दोन आकडे आहेत, ॲक्सिलरेटर दाबलेला असतानाचा आणि सोडलेला असतानाचा. दोन्ही ० ते १०० टक्के. ड्रिफ्टसाठी पहिला सरळ १०० वर न्यावा. दुसराही ९० ते १०० च्या आसपास ठेवून सुरुवात करावी. बाकी काहीही न बदलता एवढंच केलं तरी गाडीची चाल बदललेली कळते.

गिअर: एकाच गिअरमध्ये वळण संपलं पाहिजे

सायकलचा गिअर ज्याने वापरलाय त्याला हे समजेल. चढावर हलका गिअर, सपाट रस्त्यावर भारी. मोटारीतही तेच. इंजिनचे फेरे आणि चाकाचे फेरे यांचं गुणोत्तर म्हणजे गिअर रेशो. त्यावर शेवटचा एक गुणक बसतो, त्याला फायनल ड्राइव्ह म्हणतात.

हिशोब करू. इंजिन मिनिटाला ७,००० फेरे घेतंय. तिसऱ्या गिअरचा रेशो १.५ आणि फायनल ड्राइव्ह ४. दोन्हींचा गुणाकार ६. म्हणजे चाक मिनिटाला सुमारे १,१६७ फेरे घेईल. चाकाचा परीघ २ मीटर धरला तर मिनिटाला साधारण २,३३३ मीटर, म्हणजे तासाला १४० किलोमीटर. फायनल ड्राइव्ह ४ ऐवजी ३ केला तर तोच गिअर साधारण १८७ पर्यंत जातो, पण चाकावरचा जोर कमी होतो.

ड्रिफ्टमध्ये चाक गरगरत असतं, त्यामुळे चाकाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा बराच जास्त असतो. गाडी ८० ने सरकतेय आणि चाकं १३० ने फिरतायत, असं चालतं. म्हणून गिअर असा लावायचा की संपूर्ण वळण एकाच गिअरमध्ये, बहुतेक वेळा तिसऱ्यात, पार पडेल. इंजिन सारखं लाल रेषेवर आपटत असेल तर फायनल ड्राइव्हचा आकडा कमी करा. चाकं फिरायलाच तयार नसतील आणि इंजिन दमत असेल तर आकडा वाढवा.

चाकांचे कोन: गॅरेजवाल्यांना विचारा

आपल्या ओळखीत, नात्यात कुणीतरी मामू किंवा चाचा गॅरेजमध्ये असतातच. मुलाला त्यांच्याकडे न्या. अलाइनमेंटच्या मशीनवर जे तीन शब्द दिसतात, तेच गेममध्ये आहेत.

पहिला कॅम्बर. गाडीकडे समोरून पाहिलं तर चाक वरच्या बाजूला आत झुकलेलं असेल, तर तो ऋण कॅम्बर. वळणात गाडी एका बाजूला कलते आणि टायरची बाहेरची कड रस्त्यावर दाबली जाते. आधीच थोडं आत झुकवलेलं चाक अशा वेळी रस्त्यावर सपाट बसतं. ड्रिफ्टमध्ये पुढची चाकं खूप वळलेली असतात, म्हणून पुढे जास्त ऋण कॅम्बर ठेवतात. उणे ३ पासून सुरू करून उणे ५ पर्यंत पाहत जावं. मागे मात्र उणे अर्धा ते एक पुरे. मागच्या चाकांना पुढे ढकलायचंही असतं, ती रस्त्यावर सपाट बसलेली बरी.

दुसरा टो. वरून पाहिलं तर दोन चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे आहेत की बाहेर, ते. पुढची चाकं किंचित बाहेर ठेवली तर गाडी वळायला चटकन तयार होते. अर्ध्या अंशापेक्षा जास्त गरज सुरुवातीला नसते. मागचा टो शून्य ठेवा.

तिसरा कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, थोडा तिरका असतो. म्हणून हात सोडला तरी चाक आपोआप सरळ होतं. मोटारीतही स्टीअरिंग ज्या अक्षावर फिरतं तो अक्ष तिरका असतो. तो जितका तिरका तितकं चाक गाडीच्या चालीच्या दिशेने आपोआप वळू पाहतं. ड्रिफ्टमध्ये हे फार कामाचं, कारण शेपूट निघालं की चाकं स्वतःच उलट वळायला लागतात. गेममध्ये कॅस्टर ७ अंशांपर्यंत जातो. ड्रिफ्टसाठी तो वरच्या टोकालाच ठेवतात.

हवा, बार, स्प्रिंग आणि शॉकअप

टायरची हवा गेममध्ये १५ ते ५५ पीएसआयपर्यंत बदलता येते. चारही चाकांत ३० च्या आसपास ठेवून सुरुवात करा. मागे हवा वाढवली की टायर टणक होतो, रस्त्याला कमी टेकतो आणि बहुतेक वेळा लवकर सुटतो. मागची पकड थोडी हवी असेल, गाडी वेगाने पुढे जायला हवी असेल, तर हवा जरा उतरवा.

अँटिरोल बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी लोखंडी सळई. वळणात गाडी कलू नये म्हणून ती असते. गेममध्ये हिचा कडकपणा १ ते ६५. नियम सोपा आहे. ज्या टोकाची सळई कडक, त्या टोकाची पकड आधी कमी होते. मागची कडक केली तर शेपूट लवकर निघतं. पुढची कडक केली तर नाक बाहेर जातं, गाडी वळायला कुरकुरते.

स्प्रिंगचाही स्वभाव असाच. शॉकअपचं काम मात्र वेगळं आहे. स्प्रिंग किती दबेल ते स्प्रिंग ठरवते, किती वेगाने दबेल आणि किती वेगाने परत येईल ते शॉकअप ठरवतो. गेममध्ये दबण्याचा आणि परतण्याचा असे दोन वेगळे आकडे असतात. दबण्याचा आकडा परतण्याच्या आकड्यापेक्षा कमी ठेवायचा, साधारण निम्म्याहून थोडा जास्त, असा खेळाडूंचा प्रघात आहे. एका वळणातून लगेच उलट वळणात जाताना गाडी झटक्याने फेकली जात असेल, तर दोष बहुधा इथे असतो.

लक्षण पाहून इलाज

डॉक्टर जसे लक्षणावरून औषध देतात, तसं ट्यूनिंग करायचं असतं.

शेपूट निघतच नसेल, गाडी सरळ जात असेल, तर मागची सळई थोडी कडक करा, मागची हवा एक-दोन पीएसआयने वाढवा, डिफरन्शियल १०० वर आहे ना ते पाहा.

गाडी दरवेळी गोल फिरत असेल, तर मागची सळई मऊ करा, मागची हवा जरा कमी करा, आणि ड्रिफ्ट सस्पेन्शन बसवलं आहे का ते तपासा. चाक पुरेसं उलट वळतच नसेल तर चालक तरी काय करणार!

ड्रिफ्ट अर्ध्यावर संपत असेल, तर गिअर जड असेल किंवा ताकद कमी पडत असेल. फायनल ड्राइव्ह वाढवून पाहा.

नाक वळणाबाहेर जात असेल, तर पुढची सळई मऊ करा आणि पुढचा कॅम्बर आणखी ऋण करा.

एका वेळी एकच बदल

आता शिक्षक म्हणून मला ज्या गोष्टीत खरा रस आहे ती सांगतो. बहुतेक मुलं पाच आकडे एकदम बदलतात. गाडी बरी चालली तर कशामुळे ते कळत नाही, बिघडली तरी कळत नाही. विज्ञानाच्या प्रयोगात आपण काय शिकवतो? एक गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा, निरीक्षण लिहा. ड्रिफ्ट ट्यूनिंगला अगदी हेच लागतं.

मुलाला एक साधी वही द्या. चार रकाने आखायचे. काय बदललं, किती बदललं, काय अपेक्षा होती, काय झालं. प्रत्येक बदलानंतर त्याच ड्रिफ्ट झोनमध्ये तीन फेऱ्या मारायच्या आणि तिन्हींच्या गुणांची सरासरी लिहायची. एक फेरी नशिबाने चांगली जाऊ शकते, म्हणून तीन. अशा दहा ओळी लिहून झाल्या की मुलाच्या हातात त्याने स्वतः केलेला प्रयोग असतो. घर्षण, बल, गुणोत्तर, सरासरी, कोन, सगळं त्यात आलं. विज्ञान मराठीतून शिकणाऱ्या आणि उर्दूतून शिकणाऱ्या, दोन्ही मुलांना हे शब्द पुस्तकात कोरडे वाटतात. इथे त्यांना अर्थ मिळतो.

या गेममध्ये दुसऱ्या खेळाडूंनी केलेल्या तयार ट्यून उतरवून घेता येतात. त्यात गैर काही नाही. पण उतरवलेली ट्यून म्हणजे गाईडमधलं उत्तर. मार्क मिळतात, शिकणं राहून जातं. तयार ट्यून घेतली तरी तिच्यात एखादा आकडा मुद्दाम बिघडवून पाहायला सांगा. का बिघडलं हे मुलाला सांगता आलं, तर तो शिकला.

वेळेचं आणि पैशाचं बोलणंही आधीच करून ठेवावं. गेम विकत घेतल्यावरही जादा गाड्यांचे पॅक पैसे देऊन मिळतात. अब्बूंचं कार्ड किंवा यूपीआय मुलाच्या खात्याला जोडून ठेवू नका. रात्रीची वेळ ठरवा. वही भरली की खेळ संपला, असा नियम मुलं सहसा मानतात, कारण त्यात शेवट स्पष्ट दिसतो.

गेममध्ये रिवाइंड आहे, रस्त्यावर नाही

आता सुरुवातीला सांगितलेल्या गंभीर भागाकडे येऊ.

फोर्झामध्ये गाडी भिंतीवर आपटली की एक बटण दाबायचं, काही सेकंद मागे जायचं, पुन्हा खेळायचं. टायर फुकट, पेट्रोल फुकट. समोरून येणारी गाडी खोटी. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने असे हजार ड्रिफ्ट केले की त्याला मनापासून वाटतं, आपल्याला येतं. हा आत्मविश्वास घेऊन तो मोठ्या भावाच्या गाडीची चावी उचलतो.

त्याला शास्त्रातूनच उत्तर द्या. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती छोट्या गाड्यांत ताकद पुढच्या चाकांना असते. वर जे सगळं सांगितलं ते मागच्या चाकांच्या ताकदीवर उभं आहे, ते या गाड्यांत होतच नाही. हँडब्रेक ओढून गाडी फिरवणं हा ड्रिफ्ट नाही. त्यात पायाने सावरायचा मार्गच उरत नाही. गाडी उंच असेल तर घसरता घसरता एखाद्या खड्ड्याला किंवा दुभाजकाला चाक अडकून ती उलटू शकते. रस्त्यावर वाळू कुठे आहे, तेल कुठे सांडलंय, हे गेमसारखं आधी कळत नाही. आणि रस्त्यावर माणसं असतात. दूध आणायला निघालेली, नमाज पढून परतणारी, शाळेत जाणारी.

कायदाही माहीत असू द्या. मोटार चालवायला १८ वर्षं पूर्ण आणि लायसन्स लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरले जातात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. मला माहीत नव्हतं, मुलाने न विचारता चावी नेली, हे पालकांना सिद्ध करून दाखवावं लागतं. रस्त्यावर शर्यत लावल्यास कलम १८९ खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गाडीची मूळ रचना मनाने बदलणं, हाही गुन्हाच आहे. गेममध्ये जे सुटे भाग एका बटणावर बसतात, ते रस्त्यावरच्या गाडीला बसवायला कायदा परवानगी देत नाही.

हा शौक कुठे नेता येईल

फक्त नाही म्हणून भागत नाही, मुलाला पुढची वाट दाखवावी लागते. दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाईलचा डिप्लोमा आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी 'बाहा एसएईइंडिया' ही स्पर्धा २००७ पासून होते. त्यात विद्यार्थी स्वतः गाडी बनवतात आणि ती खडबडीत वाटेवर चालवून दाखवतात. 'फॉर्म्युला भारत'मध्ये विद्यार्थी रेसची गाडी बनवतात. स्प्रिंग किती कडक, कॅम्बर किती, डिफरन्शियल कोणता, हे प्रश्न त्यांनाही सोडवावे लागतात. गाड्यांची तपासणी आणि संशोधन करणारी एआरएआय ही संस्था तर आपल्या पुण्यातच आहे.

ज्यांच्या घरात गॅरेज आहे त्यांच्यासाठी आणखी एक सुचवतो. उस्तादांकडे हुनर आहे, पण तो बऱ्याचदा हातात असतो, कागदावर नसतो. मुलाकडे आकडे आहेत, पण हाताला ग्रीस लागलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी दोघांना एकत्र बसवा. चाचांनी अलाइनमेंट करून दाखवावी, मुलाने कॅम्बर म्हणजे काय ते कागदावर काढून सांगावं. दोघांनाही दुसऱ्याकडून काहीतरी नवं मिळेल.

या रविवारी एवढंच करा. मुलगा खेळायला बसला की शेजारी खुर्ची ओढा आणि विचारा, "बेटा, मागच्या टायरची हवा वाढवलीस तर काय होईल?" त्याला सांगू द्या. मग प्रत्यक्ष करून बघायला सांगा, आणि जे होईल ते वहीत लिहून घ्या.